गुंड्या कोणाचा?

पाळणाघरात सहा पाळणे होते, बारा दुपटी, तीन खुळखुळे, एक लाकडी घोडा आणि एक मूल.

फूटपट्टीने पुन्हा मोजलं. मूल एकच भरलं.

छत्र्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे फूटपट्टीच म्हणत. विज्ञानाची पदवी घेऊन ती इथे कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागली होती आणि खिशात कायम मोजपट्टी ठेवायची. पिण्याचं पाणी, बाळंतपणाची रजा, पाळणाघर असं जे जे कामगारांना कायद्याने मिळायला हवं, ते मिळतं की नाही हे पाहणं तिचं काम.

"मावशी, हा गुंड्या कोणाचा?"

मुलं सांभाळणाऱ्या मावशी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. "कोणाचा म्हणजे? आईचा."

"आई कुठल्या खात्यात आहे?"

"मी नाही बाई असं विचारत. मूल आलं की घ्यायचं. सकाळी त्याचे आजोबा आणून देतात."

"मग आजोबांना विचारा."

"त्यांना कमी ऐकू येतं."

"आणि तुम्हाला?"

"मला सोयीनं येतं," मावशी म्हणाल्या आणि पुढचं दुपटं झटकलं.

फूटपट्टीला हसू आलं, पण हसण्यासारखी वेळ नव्हती. पाळणाघर बंद करायची सूट मिळावी असा अर्ज मॅनेजरने सरकारकडे केला होता. बाया मुलं घरी सासूकडे ठेवून येतात, खोली रिकामी पडते, तिथे कापडाचे तागे ठेवू द्या, असं त्याचं म्हणणं. आज तपासणीला येणाऱ्या कारखाना निरीक्षक मॅडम त्यावर निर्णय देणार होत्या. सूट मिळाली की मावशींची नोकरी गेली, आणि मावशींच्या घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं.

मावशींच्या बाजूने दाखवण्यासारखा होता तो एकटा गुंड्या. तोही कामगाराचाच आहे, हे सांगता यायला हवं होतं.

फूटपट्टी शिलाई खात्यात गेली.

"माझा?" मशीनवरची बाई म्हणाली. "माझ्या धाकट्याला मिसरूड फुटलंय. त्याला घालू का पाळण्यात?"

सगळ्या खो खो हसल्या. मग एकीने सांगितलं, "अहो, पॅकिंगमधल्या कोणाचा तरी आहे तो."

पॅकिंगमधल्या बायांनी खात्रीने सांगितलं, की तो शिलाईतलाच. दांडे बसवणाऱ्या म्हणाल्या, नाकावरून तर ऑफिसातला वाटतो. गुंड्याला सगळ्यांनी पाहिलं होतं, खाऊ दिला होता, गालगुच्चे घेतले होते. दुसऱ्या खात्याचं मूल म्हणून चौकशी मात्र कोणीच केली नव्हती.

मुलाला पाजायला कायद्याने सुट्टी मिळते. तीसुद्धा कोणी घेतलेली नव्हती. फूटपट्टीचं डोकं चालेना. मूल होतं, आजोबा होते, मग आई गेली कुठे?

"सापडली का?" मॅनेजरने दारातच विचारलं.

"अजून नाही, सर."

"नाहीच सापडणार. मावशींनी शेजारपाजारचं पोर आणून ठेवलंय. आज मॅडमसमोरच दूध का दूध करतो." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "ही बाई तरी काय! दिवसाआड तपासणी. कधी एका दिवसात दोनदा. आणि पाळणाघरात गेली की आम्हाला बाहेर काढते, म्हणे हवा तपासायची आहे. खार खाऊन आहे माझ्यावर. आज मी हलणार नाही तिथून."

मॅडम आल्या. निळा शर्ट, घट्ट बांधलेले केस, हातात जाड फाईल. पाळणाघरात शिरल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "सगळ्यांनी जरा बाहेर थांबा."

"नाही मॅडम, आज मी इथेच थांबतो," मॅनेजर म्हणाला. "लपवण्यासारखं काही नाही आमच्याकडे."

मॅडमचा आवाज ऐकून गुंड्याने पाळण्यातून मान वर काढली आणि भोकाड पसरलं.

"पाहा, परकं माणूस पाहून घाबरला," मॅनेजर म्हणाला. मावशींनी त्याला उचललं, थोपटलं, घोडा दाखवला. तो अंग ताठ करून जास्तच रडू लागला. मॅडमनी फाईल छातीशी धरली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"खिडकी केवढी आहे?" त्यांनी विचारलं.

"एक मीटर वीस," फूटपट्टी म्हणाली. "मागच्या वेळीही तेवढीच होती."

"मॅडम, मुद्द्याचं बोलू," मॅनेजर म्हणाला. "हे मूल आमच्या एकाही कामगाराचं नाही. म्हणजे पाळणाघराला मूलच नाही. सूट देऊन टाका."

"कायदा कामाला किती बाया आहेत ते पाहतो. पाळण्यात किती मुलं आहेत ते नाही."

"बोलायला सोपं आहे. तुमच्या कचेरीत आहे का असं पाळणाघर?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच निदान तुमच्याकडे तरी असू दे." त्यांनी फाईल आणखी घट्ट धरली. "अर्ज नामंजूर. आणा, सही करते."

मावशींनी मोठा श्वास सोडला. गुंड्या मात्र ऊर फुटेस्तोवर रडत होता आणि त्यांच्या कडेवरून दोन्ही हात पसरून मॅडमकडे झेपावत होता.

मॅनेजरने अर्ज पुढे केला. सही करायला मॅडमना फाईल टेबलावर ठेवावी लागली.

फूटपट्टीने नजरेनेच मोजलं. निळ्या शर्टावर, छातीशी, दोन ओले डाग होते. डावा चार सेंटिमीटर, उजवा साडेतीन, आणि दोन्ही वाढत होते.