अकरा दगड

"मावशी, तुमचे दगड माझ्या फोटोत येऊन राहिले," वैजनाथ गुरुजी पाण्याच्या टाकीवरूनच ओरडले.

खाली अंगणात सरजाबाई भांडी घासत होती. लोह्याच्या त्या वस्तीत दोघांच्या घरांची मधली भिंत एकच, पत्रेही एका रांगेत. गुरुजी शाळेत शिकवायचे, ती त्याच शाळेत खिचडी शिजवायची. वादळाचे दिवस तोंडावर आले म्हणून गुरुजींनी यंदा घराचा विमा काढायचं मनावर घेतलं होतं. पत्रे नव्या हुकांनी आवळून झाले होते, भोकांवर डांबर लागलं होतं. राहिला होता फक्त फोटो. विमा एजंट संगप्पाने बजावलं होतं, पत्र्यावर दगड दिसला की वरचे साहेब पत्रे ढिले धरतात आणि अर्ज परत पाठवतात. गुरुजींनी आपले दगड सकाळीच काढून टाकले. पण फोटो कितीही तिरका घेतला तरी सरजाबाईचे दगड कोपऱ्यात हजर!

"मग कसं करावं म्हणता?" तिने विचारलं.

"थोडा वेळ काढतो. फोटो झाला की मीच ठेवून देतो."

"काढा की. तुमचं काम होऊ द्या आधी."

सरजाबाईच्या पत्र्यांना हूक नव्हते. जे काही होतं ते त्या अकरा दगडांच्या भरवशावर. गुडघ्यांमुळे तिला वर चढता येत नव्हतं. गुरुजी एकेक दगड खाली देत गेले आणि ती भिंतीला लावून ओळीने ठेवत गेली. शेवटी निघाली जात्याची फुटकी तळी. ती उतरवायला गुरुजींना दोन्ही हात लागले.

फोटो झकास आला. संगप्पाला धाडला, तर त्याने घरपट्टीची पावती मागितली, मग आधार कार्ड, मग सही. गुरुजी मोबाइल घेऊन पंख्याखाली बसले. दोनच्या सुमारास सरजाबाई दाराशी आली.

"गुरुजी, तेवढे दगड ठेवता का? मावळतीकडं लई काळं दिसून राहिलं."

"ठेवतो हो मावशी. दगड काय पळून जातात का?"

ती हसली आणि गेली. गुरुजी जेवले. जेवल्यावर त्यांनी जरा पाठ टेकली, आणि सुट्टीतली दुपारची झोप ती, लागली की लागली.

चारला पत्रे वाजायला लागले तेव्हा जाग आली. वारं असं सुटलं होतं की दार उघडेना. भिंतीपलीकडे एक पत्रा उचलल्याचा आवाज झाला, मग दुसरा, मग सगळाच खडखडाट. गुरुजींच्या डोक्यावरचा एक हूकसुद्धा हलला नाही. बरं झालं, वेळेत आवळून घेतले, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच, हे मनात आलं म्हणून त्यांना स्वतःची किळस आली.

अर्ध्या तासाने वारं पडलं तसे ते धावत शेजारी गेले. सरजाबाईच्या घरात वरून सरळ उजेड येत होता. अंथरूण चिंब होतं. ती भिजलेली ज्वारी पोत्यातून परातीत काढत होती. दाराबाहेर अकराही दगड ओळीने जिथल्या तिथे होते, पावसाने धुऊन स्वच्छ निघालेले.

गुरुजी उंबऱ्यातच थांबले. तिने ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात, म्हणजे निदान तिच्याकडे बघता तरी येईल, असं त्यांना वाटलं.

सरजाबाईने पदराने तोंड पुसलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमचा फोटो गेला ना येळेवर?"

त्यांनी कशीबशी मान हलवली. मग काहीतरी करायला हवं म्हणून ते वाकले आणि जात्याची तळी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. उचलून उभेच राहिले. ठेवायला वर पत्राच नव्हता.