क्रॅडकच्या चीजचा निवाडा

दोष तुमचाच आहे, न्यायमूर्ती महाराज. बाराही पंचांचं एकमत होईपर्यंत त्यांना अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, हा नियम भरल्या पोटाच्या माणसांनीच केलेला. मार्चच्या गारठ्यात तुम्ही बारा माणसं कोंडलीत, दाराशी बेलीफ उभा केलात आणि पुरावा म्हणून क्रॅडकचं चीज त्यांच्यासोबत आत पाठवलंत!

चीज टेबलावर होतं. पिवळंधमक, तान्ह्या मुलाएवढं. डॉर्कस पुलिन या सूत कातणाऱ्या विधवेने ते क्रॅडकच्या दुकानातून शालीत गुंडाळून पळवलं, असा आरोप होता. दोषी ठरली तर सात वर्षं समुद्रापार, अमेरिकेत मजुरी. पोरं दोन. त्यांचं काय होणार, हे कुणी विचारलं नव्हतं.

अकरा पंच तिला सोडायला कधीच तयार होते. बारावा, खोगीरवाला हंफ्री टकर, दुपारपासून अडून बसला होता.

"चोरी ती चोरी. आज चीज नेलं, उद्या माझं खोगीर नेईल."

"तुझं खोगीर कोण खाणार रे?" म्होरक्या ओबडाया व्हील म्हणाला.

"हसा, हसा. सकाळपर्यंत बसायची तयारी आहे माझी."

तेवढ्यात टकरचं पोट गुरगुरलं. असं गुरगुरलं, की बाहेरून बेलीफ ओरडला, "कोण बोलावतंय?"

"कुणी नाही. टकर विचार करतोय," व्हीलने सांगितलं.

टकर उठला. टेबलाभोवती एक चक्कर मारून चीजपाशी थांबला.

"मला एक शंका आहे," तो म्हणाला. "क्रॅडक शपथेवर सांगून गेला, की माझं चीज जिभेवर ठेवलं की ओळखू येतं. मग हे त्याचंच, कशावरून?"

अकराही माना चीजकडे वळल्या.

"बरोबर आहे," बेकरीवाला पंच हळूच म्हणाला. "पुरावा तपासायलाच हवा. त्यासाठीच तर आत दिलाय."

टकरने खिशातला चाकू काढला. पातळसा काप घेतला, डोळे मिटून चघळला.

"खात्री होत नाही." आणि दुसरा काप त्याने चांगला जाड घेतला.

"एकट्याच्या जिभेवर निवाडा द्यायचा का? आम्ही काय भिंतीला टेकू द्यायला आलोय?" व्हील म्हणाला, आणि बाराही जण तुटून पडले. थोड्या वेळाने टेबलावर नुसती साल उरली.

"क्रॅडकचंच!" टकर बोटं चाटत म्हणाला. "शंकाच नको."

"मग? दोषी?"

टकरने दाढीतला चुरा झटकला. "आता कुठल्या तोंडाने म्हणू रे?"

"निर्दोष," व्हीलने भर कोर्टात सांगितलं, तशा टोप्या छतापर्यंत उडाल्या. कठडा धरून डॉर्कस रडतही होती, हसतही होती.

न्यायमूर्तींनी हात वर केला. "पुरावा कुठाय?"

व्हीलने साल पुढे ठेवली. "तपासला, हुजूर."

"अहो, माझं चीज!" क्रॅडक किंचाळला. लोकांनी पोट धरलं. कारकुनाने पडलेली लेखणी शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली डोकं घातलं, ते वर काढेच ना.

"कोंडलेल्या पंचांनी खाल्लं!" न्यायमूर्ती लालबुंद झाले. "प्रत्येकी एक शिलिंग दंड!"

पंचांनी हसतहसत खिसे चाचपले. टकरने दोन शिलिंग ठेवले. "मी दोनदा तपासलं, हुजूर."

शिपायाने पिंजऱ्याचं दार उघडलं. "चल बाई, सुटलीस. पोरं वाट बघत असतील."

डॉर्कस दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. डोळे पुसून तिने मान वर केली.

"जाते की. पण हुजूर, चीज तेच, भूकही तीच. यांना एक शिलिंग, तर मला सात वर्षं कशी लागणार होती? तेवढं सांगा, मग जाते."