कुत्रं अंगावर आलं तर

"पळू नको, ओरडू नको, डोळ्याला डोळा देऊ नको. पडलीस तर गुडघे पोटाशी, हात मानेशी, आणि राग ओसरेपर्यंत दगड हो गं बाई."

कुत्रं अंगावर आलं तर काय करायचं, हे आई माझी वेणी घालताना अंगाईच्या चालीवर शिकवायची.

आज पार्सल द्यायला गेले, तर उघड्या फाटकातून काळं धूड झेपावलं. त्या धक्क्यानं मी पालथी पडले. गुडघे पोटाशी, हात मानेशी. त्याचे दात पाठीवरच्या पिशवीत रुतले, गरम श्वास कानाला लागला, आणि मी दगड झाले. मालक धावत येईपर्यंत पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या. माझ्या अंगावर ओरखडाही नव्हता.

घरी येऊन आईच्या गळ्यात पडले. "आई, तुझ्यामुळे वाचले गं! पण तुला हे शिकवलं कुणी? आपण तर कधी कुत्रं पाळलं नाही."

आई भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत राहिली.

 

"कुत्र्यांचं मला काय कळतंय, पोरी? मी तर तुझ्या बाबांपुढे तशी पडून राहायचे."