खिडकीकडची कूस

सिस्टरनी अंथरुणाला खिळलेल्या घड्याळजींच्या उजव्या खुब्यावरच्या लाल डागावर बोट दाबलं, तीनपर्यंत मोजलं आणि उचललं. गेल्या आठवड्यात असं केल्यावर डाग क्षणभर पांढरा पडला होता. आज तो लालच राहिला.

"हे काही बरं लक्षण नाही," त्या म्हणाल्या. "कातडी अजून शाबूत आहे म्हणून ठीक. ती फाटून जखम झाली, की मी घरी ठेवू देणार नाही. सरळ हॉस्पिटल."

घड्याळजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केल्यामुळे, महत्त्वाची बातमी आली की ती किती वाजता आली हे बघायची त्यांना खोड होती. चार वाजून दहा मिनिटं.

पलंगाच्या दोन बाजूंना दोन मुलगे उभे होते. थोरला वरच्या मजल्यावर राहायचा, नुकताच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. धाकट्याचं पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधी कोणाच्या नळाला यावं, या प्रश्नावर दोघांनी तीन वर्षांपूर्वी बोलणं टाकलं होतं. पुढे पाणी दोघांनाही सारखंच यायला लागलं, पण बोलणं सुरू करायचं राहून गेलं.

"दर दोन तासांनी कूस बदलता ना?" सिस्टरनी विचारलं.

"म्हणजे काय! ही वही बघा," थोरला म्हणाला. वहीत रकाने आखलेले होते. वेळ, कूस, सही. तपासणाऱ्याचीही सही होती, तीही त्याचीच.

"माझा मोबाइल बघा. दर दोन तासांनी गजर," धाकटा म्हणाला.

सिस्टरनी वही पाहिली, मोबाइल पाहिला, पुन्हा खुबा पाहिला. "म्हणजे दोघंही बदलता?"

"मी बदलतो," थोरला सिस्टरना म्हणाला. "बाकीचे रेडिओ लावायला येतात."

"मी बदलतो," धाकटाही सिस्टरनाच म्हणाला. "काही लोक पेपर वाचून दाखवतात आणि जातात."

"मग एकाच खुब्याला लाली कशी? डावा बघा, कसा तान्ह्या बाळासारखा आहे."

हॉस्पिटल हा शब्द अजून खोलीतच रेंगाळत होता. घड्याळजी खाकरले.

"थोरला दहाला येतो. मला भिंतीकडे वळवतो, पेपर वाचतो, जातो. धाकटा तोवर जिन्याखाली उभा. थोरल्याच्या चपला वर गेल्या की हा आत येतो, मला खिडकीकडे वळवतो, रेडिओ लावतो. बाराला पुन्हा तेच. पंधरा मिनिटं भिंत, पावणेदोन तास खिडकी. महिना झाला."

"पण अप्पा," थोरल्याचा चेहरा पडला, "मी आलो की तुम्ही खिडकीकडे तोंड करून असायचात. मला वाटलं, तुम्हीच वळता आताशा. मी सगळ्या मित्रांना सांगितलं हो!"

धाकट्याच्या तोंडात 'मलाही तेच वाटलं' एवढं आलं होतं. पण ते थोरल्याशी सहमत झाल्यासारखं दिसलं असतं, म्हणून त्याने गिळलं.

"आजोबा, आणि तुम्ही गप्प बसलात?" सिस्टर म्हणाल्या.

"बोललो असतो तर दोघांतला एक यायचा बंद झाला असता," घड्याळजी म्हणाले. "कोणता, ते मला बघायचं नव्हतं."

सिस्टर थोडा वेळ आपल्या बॅगेत काहीतरी शोधत राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात त्यांनी सांगायला सुरुवात केली. लाल जागा चोळायची नाही, पावडर थापायची नाही. पाठीमागे उशी देऊन तिरपं झोपवायचं, सगळा भार खुब्यावर नको. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा मोकळ्या राहतात.

"आणि ओढाओढ बंद. ओढलं की कातडी सोलवटते. अंगाखाली आडवी चादर घालायची, दोन्हीकडून दोघांनी धरायची, उचलून सरकवायचं. एकट्याचं काम नाही ते."

"दोघांनी म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"म्हणजे दोघांनी."

चादर घातली गेली. दोघांनी आपापले कोपरे पकडले.

"मोजा," सिस्टर म्हणाल्या.

खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"एक," थोरला भिंतीला म्हणाला.

"दोन," धाकटा खिडकीला म्हणाला.

"तीन!" दोघंही म्हणाले. थोरल्याने उचललं, धाकट्याने नाही. घड्याळजी धाकट्याच्या बाजूला घरंगळले.

"अरे, तीनला उचलायचं!"

"तीन म्हणून झाल्यावर!"

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच, दादा! कपाट हलवताना."

"ते कपाट होतं, गाढवा! हे अप्पा आहेत!"

"मग पुन्हा मोज. आणि कोपरा गुंडाळून धर, सुटतोय तुझा."

पुन्हा मोजलं. या वेळी दोघांनी एकदम उचललं.

"बघ! तीनलाच उचललं की नाही?"

"तीन झाल्यावर उचललं!"

"तुझं आपलं लहानपणापासून असंच आहे. टाकीच्या वेळीसुद्धा..."

"टाकीचं तू काढूच नकोस, दादा. टाकीच्या वेळी मी काय म्हणत होतो, ते तू ऐकून तरी घेतलंस का?"

"मग सांग ना आता, काय म्हणत होतास?"

"अहो, आधी खाली ठेवा त्यांना!" सिस्टर ओरडल्या.

घड्याळजी चादरीत, गादीपासून वीतभर वर तरंगत होते. खुब्याला, पाठीला, टाचांना, कुठेही काही टोचत नव्हतं. त्यांनी मान वळवून घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं.

"होऊ द्या त्यांचं बोलून," ते म्हणाले. "मला घाई नाही."