दोन्ही पारडी

डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं, आतला कागद काढला आणि वाचायच्या आधी चष्मा पुसायला घेतला. समोर काटेवाले खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. सगळं आयुष्य दुकानदारांचे तराजू दुरुस्त करण्यात गेलेलं, म्हणून त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. चष्मा पुसायला एवढा वेळ लागतो का, हेच ते बघत होते.

मागच्या बाकावर त्यांची बायको होती. सकाळी उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत बोलायचं नाही, हे तिचं रोजचं व्रत. बारा वाजायला अजून बराच अवकाश होता. तिचे ओठ तेवढे हलत होते. मुलगा दाराला टेकून उभा होता. तो बापाच्याच दुकानात बसायचा, आणि आता त्याच्याही तळहातांना पितळेचा वास यायला लागला होता.

"आतडं स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ नाही, सूज नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला होता, तोही चांगला आहे."

"म्हणजे आमच्या थोरल्या भावाला झालं होतं..."

"ते नाही."

काटेवाल्यांनी पाठ टेकली. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच. रुमालाने तोंड पुसलं, रुमालाची घडी केली, आणि घडी मोडून पुन्हा तोंड पुसलं. मागे बायकोने जोडलेले हात कपाळाला लावले, ते बराच वेळ खाली घेतले नाहीत.

डॉक्टरीणबाईंचं मात्र समाधान झालेलं दिसेना. दुखणं नाही तर पोट असं का वागतंय, सांगा बघू पुन्हा, म्हणाल्या. काटेवाल्यांनी सांगितलं. आता लाजही जरा कमी झाली होती. सकाळी घरी किती वेळ बसलं तरी काही होत नाही. दुपारी दुकानात मात्र हातातलं वजन तिथेच टाकून धावायची वेळ. गिऱ्हाईक समोर उभं आणि काटेवाला गायब. मग पुन्हा सगळं बंद, मग पुन्हा धावपळ. कित्येक महिने हेच.

डॉक्टरीणबाईंनी एकेक कारण खोडून काढलं. थायरॉइड बघून झालं होतं, साखर बघून झाली होती, जंतुसंसर्ग नव्हता. खाण्यात काही बदल? नाही. झोप? भावाची आठवण आली की उडायची तेवढीच. औषधं कुठली घेता?

"औषधाला मी शिवत नाही," काटेवाले ताठ होऊन म्हणाले. ते खरंच होतं. घरात गोळीचं नाव निघालं तरी ताटावरून उठणारा माणूस.

दाराशी मुलगा खाकरला.

खाली बघतच त्याने सांगितलं. बाबांची दुपारची धावपळ त्याला बघवत नव्हती. सांगून ते ऐकणार नाहीत, म्हणून दुकानातल्या चहात तो जुलाब थांबायची गोळी कुटून घालत होता. आईला बोलला नव्हता, ती उगाच घाबरली असती.

काटेवाले वळून त्याच्याकडे बघतच राहिले. "माझ्या चहात?"

"कडू लागू नये म्हणून साखर जास्त घालायचो."

"तरी म्हटलं, एवढं प्रेम कुठून आलं."

"बरं, बंद कशाने होतं ते कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग सुटतं कशाने?"

मागचा बाक करकरला. बायको उठून उभी राहिली. एका हातात पेला धरल्यासारखं करून तिने दुसऱ्या हाताने त्यात न दिसणारा चमचा फिरवला. डॉक्टरीणबाईंना काही उमजेना. तिने नवऱ्याकडे बोट केलं, गाल तळहातावर टेकून डोळे मिटले, पुन्हा चमचा फिरवला.

"झोपताना दूध देते त्यांना," मुलाने उलगडा केला. "पण त्याचं काय, आई?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा काही तिच्यासाठी पळणार नव्हता. डोळे मिटून तिने मान लववली, ज्या देवीचं व्रत तिची माफी मागितली, आणि बोलली.

"दुधात चूर्ण घालते मी. पोट साफ व्हायचं. सकाळचे हाल बघवेनात त्यांचे." मग आणखी हळू, "एका चमच्याने भागेना, म्हणून दोन केले."

"मीपण," मुलगा म्हणाला. "गोळ्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. पहिली तक्रार साधीच असेल, म्हणाल्या, काळजीनेही होतं असं. पुढचं सगळं या दोघांनी केलेलं. आता चूर्ण बंद, गोळी बंद. पाणी प्यायचं, चालायचं. शौचात रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं तर लगेच यायचं. आणि घेणाऱ्याला न सांगता कोणी कुणाला काहीही द्यायचं नाही.

"माझ्याकडे असा काटा आला असता ना," काटेवाले म्हणाले, "तर मी आधी दोन्ही पारडी रिकामी केली असती."

"तेच लिहून देतेय."

दवाखान्यासमोर चहाची टपरी होती. तिघे बाकड्यावर बसले. तीन कप आले, आणि तेवढ्यात कारखान्याचा बाराचा भोंगा झाला.

"अहो," बायको म्हणाली, "रागावलात?"

काटेवाल्यांनी कप उचलला, आत पाहिलं, वास घेतला. मग तो मुलापुढे ठेवून मुलाचा स्वतःकडे ओढला. जरा विचार केला, आणि तोही बायकोपुढे सरकवून तिचा घेतला.

तिने मुकाट्याने समोरचा चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. तोवर ते थांबले. मग त्यांनी आपल्या कपातला एक घोट घेतला.

"फिका आहे," ते म्हणाले, आणि अजून एक मागवला.