जुन्यावर नवं

“आधी जुनं पूर्ण पुसायचं, मगच नवं बसवायचं,” संगणकाचं काम शिकवताना श्रीरंगराव बायकोला, विशाखाताईंना, बजावत. आता त्यांचा श्वास चालवणाऱ्या मेंदूतल्या चिपमधली, त्यांनीच लिहिलेली प्रणाली जुनी झाली होती आणि श्वास अडखळत होता.

पुसलं तर आठवणीही जाणार, म्हणून विशाखाताईंनी नवी प्रणाली जुन्यावरच बसवून पाहिली. दोन्हींची सरमिसळ झाली, श्वास आणखी अडकला. शेवटी देवापुढे हात जोडून त्यांनी जुनं पुसलं. नवी प्रणाली बिनचूक बसली.

श्रीरंगरावांनी मोकळा श्वास घेतला. “बाई, नवीन नर्स का तुम्ही?”

“हो, आजच लागले. सांभाळून घ्या.”

‘विसरलो तरी मला रोजच्यासारखं नदीच्या घाटावर फिरायला ने हं,’ असं श्रीरंगरावांनी सकाळीच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. विशाखाताईंनी त्यांच्या पायांत चपला सरकवल्या आणि हात धरून त्या निघाल्या.