पर्समधलं जोडवं

"आम्ही दिलेल्या जोडव्याची पाच दिवस इकडे काहीच खबर नाही," डॉ. मुजावर फोनवर म्हणाल्या. "काढून ठेवलंत का?"

"घातलंच नाही," शालन म्हणाली. "मी विधवा बाई. गल्लीत लोक काय म्हणतील? हातात घालायचं काही नाही का?"

"नाही, रक्ताची गुठळी बहुतेक पायातच होते. तुमच्या पोटातली कॅन्सरची गाठ पांढऱ्या पेशींना चिथवते, त्या रक्तात जाळी टाकतात आणि त्यांत रक्त साकळतं. जोडव्याला ते आधी कळतं. मग ते गरम होतं आणि जाळी तोडायचं औषध सोडतं."

फोन स्पीकरवर होता. मेथी निवडत बसलेल्या सासूबाई उठल्या. शालनच्या पर्समधून त्यांनी जोडवं काढलं आणि तिच्या पायाशी बसल्या. नऊ वर्षांपूर्वी मुलगा गेला, तेव्हा तिची जोडवी त्यांनीच उतरवली होती.

"आई, लोक..."

"तेव्हा लोकांचंच ऐकलं होतं. पाय पुढे कर."

जोडवं बोटात बसलं आणि लगेच गरम झालं.

"आली खबर," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "औषध सुटायला लागलंय."

सासूबाईंनी तिचा पाय तसाच मांडीवर धरून ठेवला.